सहावा तुकडा

२ जानेवारी १९९७, गुरुवार

पोहोचलो एकदाचा जळगावला. एसटीने रात्रभर कंबरेचा पार खुळखुळा केला, पण पहाटे स्टँडवर उतरलो आणि थंडीने दात वाजायला लागले. खानदेश म्हणजे भट्टी, असं पुण्यात जो तो सांगत होता. मी दोन स्वेटर घालून हे लिहितोय.

खोली झकास आहे. घरमालक मिश्रीलालजी कागदाचे ठोक व्यापारी. खाली दुकान आणि गोदाम, मधल्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी जतनबाई, वर मी आणि गच्ची. जिना चढताना कोऱ्या कागदाचा वास येतो. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, एवढी एक अडचण सोडली तर तक्रारीला जागा नाही. ही रोजनिशी त्यांच्याच दुकानाची, नव्या भाडेकरूला भेट. काहीतरी लिहा सर, म्हणाले. मी म्हटलं, आम्ही रसायनशास्त्रवाले लिहीत नाही, नुसती काचेची भांडी फोडतो. ते हसले नाहीत. महिन्याला किती फुटतात, ते विचारलं.

कोपऱ्यावरच्या खानावळीत भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. इतकी की चालत परत येणं जड गेलं. आता कॉलेज, विद्यार्थी, स्वतःची खोली. बत्तीस वर्षांच्या शशिकांत बोडसला आणखी काय हवं?

ट्रंक कॉटखाली सरकवून दिली. निळी वही तिच्या तळाशी आहे. ती पुण्यातच टाकून द्यायला हवी होती. असो.

११ जानेवारी, शनिवार

आज वर्ग रंगला. फांद्याफांद्यांचे मोठे रेणू आपले आपण कसे जुळून येतात, ते शिकवायचं होतं. फळ्यावर झाड काढलं, फांद्यांना फांद्या काढल्या. मग सहा पोरांना पुढे बोलावून हात धरून गोल उभं केलं. सांगितलं, एकेक रेणू म्हणजे असं एक झाड. त्याच्या बुंध्याला हात असतात. ते दुसऱ्याचा हात धरतात तो हायड्रोजनच्या बंधाने. एकटा बंध म्हणाल तर अगदी लेचापेचा, फुंकर मारली तर सुटेल. पण सगळे मिळून धरतात तेव्हा सहा झाडांचा गोल फेर होतो आणि टिकतो. कोणी जुळवत नाही, कोणी शिकवत नाही. नुसतं मोकळं सोडायचं, ते एकमेकांना शोधून काढतात.

याचा वैरी एकच, पाणी. पाण्याचा रेणू मध्ये घुसतो, सगळ्यांचे हात स्वतःच धरून बसतो आणि फेर मोडतो. वाळलं की पुन्हा जुळतात. तुमच्या वहीचा कागदही असल्याच बंधांनी एकत्र राहिलाय, म्हणून भिजला की लगदा होतो, असंही सांगितलं.

तेवढ्यात फेरातल्या एका पोराला ऑफिसात बोलावणं आलं. उरलेले पाच हात पसरून दाराकडे बघत उभे राहिले. वर्ग हसला. मी खडूने लिहिलं : पाच उरले तर फेर मिटत नाही, ते सहाव्याला शोधतात. पोरांनी ते उतरवून घेतलं. वाक्य माझं नाही. निळ्या वहीतलं आहे.

प्रयोगशाळेतले निंबाभाऊ मागे उभे राहून ऐकत होते. पन्नाशीचे, सज्जन गृहस्थ, चोपड्याकडचे. नंतर बाटल्या पुसता पुसता म्हणाले की त्यांच्या गावचा एक पोरगा पुण्यात हेच शिकत होता. त्यांनी त्याचं नाव घेतलं आणि ओळखता का, असं विचारलं.

मी म्हटलं, नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो. दुपारभर पडून राहिलो. खोटं बोलायचंच तर निदान या वहीशी तरी बोलू नये.

त्याला ओळखत नाही कसा? दोन वर्षं एका टेबलावर काम केलं. तो रेणू त्याने बनवला. सहा जण मिळून फेर धरतात हे त्याने पाहिलं. मी भांडी धुतली, चहा आणला आणि आकडे तपासले. पंच्याण्णवच्या हिवाळ्यात त्याला कावीळ झाली. गावी जाताना त्याने ती निळी वही माझ्याकडे दिली आणि सांभाळ म्हणाला. मी सांभाळली. इतकी की तिच्यातून पूर्ण प्रबंध लिहून काढला. आमच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं की त्याने शिक्षण सोडलं, आता शेती करणार आहे. शोधनिबंध छापून आला तो माझ्या एकट्याच्या नावावर. त्या नावावरच ही नोकरी मिळाली.

त्याचं पत्र आलं होतं. शिवी नाही, धमकी नाही. नजरचुकीने माझं नाव राहिलं असेल, पुढच्या अंकात एक ओळ छापून घे, बरं वाटलं की येतोच, एवढंच. मी उत्तर पाठवलं नाही. गेल्या ऑगस्टमध्ये तो अंगात काविळीचा ताप असताना पुण्याला यायला निघाला आणि धुळ्याच्या स्टँडवर कोसळला. तिथल्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी गेला.

उत्तर पाठवलं असतं तर तो निघाला नसता. हे मला माहीत आहे. त्याचं नाव इथे लिहायला गेलो की हात थांबतो, म्हणून लिहीत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

त्याची आई आली होती.

चोपडा साठ किलोमीटर लांब म्हणून मी निर्धास्त होतो. झुंबरबाई मुलगा गेल्यापासून इथेच, मेहरूणला लेकीकडे राहतात. पत्ता निंबाभाऊंनी दिला. पुण्याहून आलेले सर म्हणजे त्याला ओळखत असतीलच, असं त्या भल्या माणसाला अजून वाटतं. बाई साठीच्या, उन्हाने रापलेल्या. पिशवीत माझ्यासाठी भरताची वांगी आणली होती. जमिनीवरच बसल्या आणि सरळ विचारलं, ‘‘मना आंडोरनी वही तुमनाजोडे शे का, भाऊ?’’

मुलाची वही माझ्याकडे नाही, म्हणालो. त्यांनी पिशवी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, ‘‘बठ्ठी वही नको माले. नाव लिखेल पान द्या.’’ यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या मुलाच्या नावाने पाण्याची पहिली घागर भरायची आहे. त्याचा फोटो आहे, पण फोटो काय कोणीही काढतं. त्याची खरी कमाई त्या वहीत आहे, पहिल्या पानावर त्याच्या हातचं नाव आहे असं त्यानेच सांगितलं होतं. ते पान घागरीशेजारी ठेवायचं, एवढंच.

मी पुन्हा नाही म्हणालो. त्या उठून गेल्या.

त्या पानावर त्याचं नाव आहे, सहा झाडांचा फेर आहे आणि खाली तारीख आहे, जुलै त्र्याण्णव. तेव्हा मी त्या प्रयोगशाळेत आलोही नव्हतो. ते पान कोणाच्या हाती पडलं तर मी संपलो. दार लोटून ट्रंक उघडली, पान फाडलं आणि त्याचे सहा तुकडे केले. काडी ओढवेना. त्याला आधीच एकदा जाळलेलं आहे. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. पाच तुकडे उशीखाली गेले. सहावा, नावाचा, हातातच राहिला. तो मी तोंडात टाकला.

त्या पिशवी विसरल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत चावलं आणि गिळलं. घशात अडकल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, ‘‘सावकाश खा, भाऊ. ठसका लागी.’’

२५ फेब्रुवारी, मंगळवार

परीक्षेच्या कामासाठी धुळ्याला जाऊन आलो आणि तुकड्यांचा निकाल लावला. एक मेहरूणच्या तलावात. एक कॉलेजच्या मोरीत. एक पारोळ्याजवळ बसच्या खिडकीतून. एक इथल्या गोदामातल्या रद्दीच्या गठ्ठ्यात. पाचवा धुळ्याला पांझरेत.

पांझरेत पाणी नव्हतं. पुलावरून टाकला तेव्हा खाली नुसती वाळू आणि खेळणारी पोरं. फेब्रुवारीतच नदी आटते हे पुण्याच्या माणसाला कुठून कळणार? तुकडा गिरक्या घेत खाली गेला आणि वाळूवर पडून राहिला. ज्याची वही तो धुळ्यात गेला आणि मी त्याच्या हातची तारीख धुळ्यातच टाकून आलो. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या माणसाने खिडकी लावून घेतली, त्याला वाटलं डोळ्यात धूळ गेली.

पण सुटलो. आता निवांत.

१४ मार्च, शुक्रवार

रद्दीतला तुकडा टेबलावर होता. मिश्रीलालजींना विचारलं. कागद आहे सर, वाऱ्याने उडतो, म्हणाले. गोदाम तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. बरं, वारा तर वारा.

संध्याकाळी चप्पल काढली तर तळव्याला कागद चिकटलेला. धुऊन पाहिला. फेराच्या चित्राचा अर्धा भाग. हा पारोळ्याला टाकला होता.

२९ मार्च, शनिवार

धुळ्याहून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला. मधोमध, कोणा पोराच्या पुरवणीत, जुलै त्र्याण्णव. कडांना वाळू होती.

मोरीतला निंबाभाऊंनी आणून दिला. जाळीला अडकला होता, सरांचं काही कामाचं असेल म्हणून पुसून, वाळवून आणला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्र ओळखलं. तुम्ही वर्गात पोरांना उभं केलं तेच ना, असं म्हणाले. मी हो म्हणालो. मी त्यांच्याशी आणखी एकदा खोटं बोलायला हवं होतं की खरं, तेच कळेना.

चार तुकडे चार जागी ठेवले. एक पुस्तकात, एक ट्रंकेत, एक कपाटावर, एक तांब्याखाली. कॉलेजातून आलो तर चारही टेबलावर. फाटलेल्या कडा जुळवून पान झालं असतं तर एवढा घाबरलो नसतो. तसं झालं नाही. कोपऱ्याला कोपरा लागून कमान झाली होती, फेराचा एक भाग असावा तशी. डिंक नाही, काही नाही. ओढले तर सुटले, पण किंचित चरचर झाली. पाण्याचा एक थेंब टाकला तर लगेच अलग झाले.

म्हणजे नियमाने चाललंय. त्याच्याच नियमाने.

१२ एप्रिल, शनिवार

मेहरूणचा तलाव खाली गेलाय, काठाला भेगा पडल्यात. पाचवा आला. आंघोळीच्या बादलीच्या कडेला चिकटला होता.

आता पाच आहेत. फेर जवळजवळ पुरा. एका जागेची फट.

उजव्या बरगडीखाली दुखतं. सतत नाही. ते टेबलावर एकत्र असतात तेव्हा. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, काही नाही म्हणाले. उन्हाळी लागलीय, पाणी भरपूर प्या. हा सल्ला त्यांनी का दिला ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

पाणी पितोय. तासाला दोन तांबे. पाणी आहे तोवर आतला तुकडा कोणाचा हात धरू शकत नाही. जतनबाई म्हणाल्या, सर, माठ दोन दिवसांचा होता.

२२ एप्रिल, मंगळवार

झुंबरबाई पुन्हा आल्या. पानाचं विचारलंच नाही. लेकीच्या घरी राहतात, तिथे आपल्या घरची घागर भरायची नसते म्हणाल्या. ‘‘जवाईना घरमा आपली घागर भरतस नही. तुमनी खोलीमा भरू का?’’ गावच्या घराला कुलूप आहे, छप्पर उतरलंय. तुम्ही त्याच्याच विद्येचे, म्हणून विचारते, म्हणाल्या.

मी हो म्हणालो. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

त्या बोलत होत्या तेव्हा पाचही तुकडे वहीखाली झाकलेले होते. खालून कागद खसखसत होता. त्यांनी ऐकलं असेल.

१ मे, गुरुवार

पारा पंचेचाळीसवर. ओठ फुटतात, कातडी ताणते. वाळत घातलेला टॉवेल दहा मिनिटांत पापड.

खुर्ची खिडकीशी नेली. फेर फिरला, फट माझ्याकडे. कॉटवर बसलो. पुन्हा माझ्याकडे. फिरताना दिसत नाहीत. मान वळवली की फिरलेले असतात.

भिजवले तर सुटतात, वाळले की जुळतात. सारखे कुठवर भिजवणार, प्यायलाच पाणी नाही.

६ मे, मंगळवार

या रोजनिशीची पानं चिकटलीत. सगळी नाहीत. अकरा जानेवारीचं पान बंद आहे, नखाने उकलत नाही. त्या पानावर मी त्याला ओळखत नाही म्हणालो होतो. सव्वीस जानेवारी उघडी आहे. खरं लिहिलेलं उघडं राहतं.

आज नळ आला नाही. काल पण —

पोटात ओढ लागते. टेबलाच्या दिशेने.

८ मे, गुरुवार

ठरवलं. उद्या सगळं सांगणार. वही देणार, पत्र देणार, पाच तुकडे देणार. सहावा — तो कसा देणार? त्याच्यावरच नाव आहे. तेवढंच त्यांनी मागितलं होतं.

लघवी होत नाही. थुंकी नाही. माठ कोरडा, जतनबाईंकडे मागायला गेलो तर आवाज फुटला नाही —

९ मे, शुक्रवार. आखाजी

सकाळी आल्या. नवी घागर, लेकीकडून डोक्यावर भरून आणलेली. वर आंबा ठेवला, सांजोरी ठेवली. कुंकू लावलं. खोलीत गारवा आला. मी निळी वही त्यांच्या हातात दिली. सांगायला तोंड उघडलं तर जीभ टाळ्याला चिकटलेली. त्यांनी वही उघडली. पहिलं पान नाही हे त्यांना बोटांनीच कळलं. वही मिटून ठेवली. निंबाभाऊंकडे नैवेद्य द्यायचा होता, दुपारी येते म्हणाल्या. त्याचं पाणी सांभाळा, म्हणाल्या.

सांभाळ. त्यानेही हेच —

दुपार

प्यायलो.

सगळी. तळापर्यंत. आंबा बाजूला ठेवला आणि तोंड लावून — मेलेल्याचं पाणी. त्याचं नाव खाल्लं आणि त्याचं पाणी प्यालो. क्षणभर बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

घागर रिकामी. आता खोलीत ओलं काही नाही.

तुकडे टेबलावर नाहीत.

कॉटवर आहेत. माझ्याभोवती. एक उजव्या हाताशी, एक पायाशी — मोजले, पाच. मी फटीत बसलोय.

आत सरकतंय. वर. बरगडीखालून छातीत, छातीतून —

ओठ मिटलेत. बोटांनी उकलत नाहीत. चरचर होते फक्त.

त्या आल्या. दारात. रिकामी घागर पाहिली. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत. जवळ येऊन बसल्या, माझ्या हनुवटीखाली ओंजळ धरली, तान्ह्या पोराने काही तोंडात घातलं की धरतात तशी. त्या दिवशीच पाहिलं होतं त्यांनी. ‘‘थुकी दे, भाऊ,’’ म्हणतात. सारखं तेच. थुकी दे.

तोंड उघडत नाही. हात चालतो अजून. त्यांना वाचता येत नाही, पण निंबाभाऊ आहेत, कोणीतरी वाचून दाखवेल —

हे काम माझं नाही. एक ओळही नाही. सगळं त्याचं. त्याचं नाव कौतिक पितां